कमी धुतलेली प्रत

तो, कॅलेंडरशेजारचा? तो चंद्र आहे.
म्हणजे असायला हवा.
बस. पंखा तुझ्याकडे वळवून घे,
केमाच्या उन्हाची तुला सवय दिसत नाही.

अकराजण होतो आम्ही डार्करूममध्ये,
बायका दोघीच, मी आणि लुडेल हॅन्स्लिक.
फिल्म आधी कोंडून ठेवलेली, वायूची धुरी दिलेली,
तिकडचा एखादा जंतू आलाच असेल तर मरावा म्हणून.
मग आमच्याकडे.
पांढरे सुती हातमोजे, श्वास बेतानं,
घड्याळाचे हिरवे काटे.
बाहेर सारं गाव टीव्हीसमोर,
आत आम्ही ट्रेमधल्या कोऱ्या कागदाकडे बघत.

आधी सावली येते, लक्षात ठेव.
उजेड कुठून येत नाही, तो कागदाचाच असतो;
काळं तेवढं उमटतं.
बुटाचा ठसा वर आला तेव्हा लुडेल म्हणाली,
कुणीतरी ओल्या सिमेंटवरून गेलंय बघ.
मी गप्प. मला त्या फुल्या दिसत होत्या,
कॅमेऱ्याच्या काचेवर कोरलेल्या, प्रत्येक फोटोवर.
अंतरं मोजायला, साहेब म्हणाले.
मला त्या बेरजेच्या वाटायच्या.
अधिक, अधिक, अधिक,
आणि बरोबरचं चिन्ह कुठेच नाही.

चांदण्या का नाहीत? तूही विचारणारच होतास.
अरे, ऊन होतं तिथे, लख्ख.
उन्हातल्या माणसाचा फोटो काढताना
शटर पापणीएवढंही उघडं राहत नाही,
तेवढ्यात चांदणी काय पोचणार.

चांगले फोटो वर्तमानपत्रांत गेले.
मला आवडायचे उरलेले:
चालता चालता चुकून दाबलेलं बटण,
यानाचा अर्धाच पाय,
रीळ संपताना आत शिरलेलं ऊन,
कुणाच्या तरी खांद्याचा, खांद्याचाच बहुतेक, पांढरा डाग.
चंद्र त्यांत कसा,
कुणी बघत नसताना असतो तसा.

त्यातलीच ही. जवळजवळ सगळी काळी,
खाली उजेडाची तिरपी कड, कडेवर एक फुली.
रद्द, असा शेरा होता.
पाळी संपायला बारा मिनिटं उरलेली,
मी हिची एक प्रत काढली.
प्रत धुवायला तासभर लागतो,
मी जेमतेम पाच मिनिटं धुतली
आणि डब्यात, मक्याच्या पावाखाली, ओलीच घरी आणली.
चोरीच ती. लिही, लिही.
आता कोण पकडायला येतंय.

आल्सीड पहाटे तीनला निघायचा, कोळंबीला.
कॉफीचा कप घेऊन उभा राहिला हिच्यासमोर.
म्हणाला, ही तर आपली खाडी.
रीफच्या पलीकडची, उजाडायच्या जरा आधीची.
आणि हा काय, खुणेचा खांब.
मी म्हटलं, दोन लाख चाळीस हजार मैल, आल्सीड.
असेल, म्हणाला,
आणि गमबूट चढवून गेला.
भरती त्याच्यासाठी थांबणार नव्हती;
भरती कुणामुळे येते
ते त्याला माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

जगासाठी हजारो प्रती मी तास तास धुतल्या.
त्या अजून काळ्याभोर असतील, पेट्यांत, थंड हवेत.
घरची तेवढी कमी धुतली.
हायपो अंगात राहून गेला की आतून खातो, सावकाश,
घाई केलेली विसरत नाही.
आधी कोपरे पिवळे पडले.
आल्सीड धक्क्यावर कोसळला त्या वर्षी
काळ्याचं तपकिरी व्हायला लागलं होतं.
आता तर बघ,
नदीचा गाळ उतरल्यावर पाण्याला येतो
तोच रंग.

पुन्हा धुता येते म्हणतोस? माहीत आहे मला.
तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे.
नको.
त्याचं म्हणणं खरं व्हायला
थोडंच राहिलंय.

खांब दिसला का तुला?
खाली, डावीकडे. चष्मा पूस आधी.